पेड, पीळ आणि पुली

उन्हाळ्यात हिंगोली जिल्ह्यातल्या नरसी नामदेवच्या शिवारातून जाताना कुठे ना कुठे विहिरीचं काम सुरू असलेलं दिसतं. मातीचा आणि मुरमाचा ढीग, त्याच्या कडेला डिझेल इंजिनावर चालणारी क्रेन, जिला कोणी यारीही म्हणतं, आणि खाली चाळीस-पन्नास फुटांवर काळ्या पाषाणात राबणारी माणसं. सुरुंगाने फोडलेला दगड लोखंडी बकेटमध्ये भरतात, खालून इशारा होतो, इंजिन जोर धरतं आणि ड्रमवर वायररोप गुंडाळला जाऊ लागतो. बकेट वर येते, कडेला रिकामी होते, पुन्हा खाली जाते. काम सुटलं की त्याच बकेटमध्ये उभं राहून माणसं वर येतात. अशा विहिरींच्या काठावर मी बराच वेळ उभा राहिलो आहे. माझी नजर बकेटवर ठरत नाही, ती वर क्रेनच्या टोकाला असलेल्या पुलीकडे जाते. दोराचं आयुष्य तिथे खर्च होत असतं.

वायररोप तुटल्याची बातमी आली की पहिला अंदाज वजनाचा असतो: बकेट जास्त भरली असेल. कधी ते खरंही असतं. पण १२ मिलिमीटर जाडीचा नवा, चांगल्या प्रतीचा वायररोप सरळ ताणला तर सात-आठ टनांच्या आसपास तुटतो. दगडांनी भरलेल्या बकेटचं वजन त्याच्या एका लहानशा हिश्श्याएवढं असतं. म्हणजे दोराची ताकद गरजेच्या कितीतरी पट आहे. तरीही काही महिन्यांनी, एखाद्या नेहमीच्याच फेरीला, नेहमीच्याच वजनाला तो जातो. मग मधल्या काळात त्याला झालं काय?

याचं उत्तर प्रत्येक शेतकऱ्याच्या हाताला माहीत आहे. कुंपणाची तार तोडायची आहे आणि पक्कड जवळ नाही, तेव्हा आपण काय करतो? तार ओढत बसत नाही. एका जागी वाकवतो, उलट वाकवतो, पुन्हा वाकवतो. दहा-पंधरा वेळा केलं की तिथे बोटाला चटका बसण्याइतकी ऊब येते आणि तार तुटते. ओढून जी तार दोन माणसांना तुटली नसती, ती वाकवून पोराच्या हातानेही तुटते. विहिरीवरची पुली नेमकं हेच करते, फक्त हळूहळू आणि खूप हलक्या हाताने. दोर पुलीवर चढताना वाकतो, उतरताना सरळ होतो. समजा दिवसाला शंभर फेऱ्या झाल्या. वर येताना एकदा आणि खाली जाताना एकदा, म्हणजे एका पुलीवर दोनशे वाकणं. वाटेत अशा तीन पुल्या असतील तर सहाशे. महिन्याभरात अठरा हजार. लोखंडाला थकवा येतो हे वाक्य कवितेतलं वाटेल, पण धातुशास्त्रात थकवा हाच शब्द आहे. तारेच्या पृष्ठभागावर केसाहून बारीक भेग पडते, प्रत्येक वाकणाबरोबर ती कणभर आत सरकते, आणि उरलेला भाग पुरेनासा झाला की तार तुटते.

हा थकवा किती वेगाने येणार हे दोन मापांवर ठरतं: तारेची जाडी आणि पुलीचा व्यास. तार वाकली की तिची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दाबली जाते. बाहेरची बाजू किती ताणली गेली हे काढायला मोठं गणित लागत नाही. तारेची जाडी भागिले पुलीचा व्यास. १२ मिलिमीटर जाडीची अखंड लोखंडी सळई २४० मिलिमीटरच्या चाकावर वाकवली तर हा भागाकार येतो ५ टक्के. पोलाद एक टक्क्याच्या आतच आपला लवचीकपणा सोडतं, त्यामुळे ती सळई वाकडी होऊन तशीच राहील. आता त्याच १२ मिलिमीटरमध्ये ०.८ मिलिमीटरच्या बारीक तारा भरल्या. प्रत्येक तार आपापली वाकते आणि शेजारणीवरून किंचित घसरते. भागाकार येतो ०.३३ टक्के. पोलाद हे सहज सोसतं. पण पुली २४० ऐवजी १०० मिलिमीटरची बसवली, तर तोच आकडा ०.८ टक्क्यावर जातो, म्हणजे तार प्रत्येक वेळी सोसण्याच्या अगदी काठावर जाऊन येते. पिळामुळे प्रत्यक्षातला ताण या सरळ हिशोबापेक्षा थोडा कमी असतो, पण कल हाच. छोट्या पुलीवर दोराचं आयुष्य हजारो वाकणांत मोजावं लागतं, मोठ्या पुलीवर तोच दोर लाखांच्या घरात जातो. पुलीचा व्यास दुप्पट केला तर आयुष्य केवळ दुप्पट होत नाही, कित्येक पटींनी वाढतं.

बैलांनी विहिरीचं पाणी ओढायच्या मोटेच्या काळात हे कोणी भागाकार करून पाहिलं नव्हतं, पण मोटेची मांडणी पाहिली की कळतं, ते जाणत होते. मोटेचा नाडा, म्हणजे ओढायचा मुख्य दोर, जाड आणि तो चढायचा ते चाकही मोठं. सोंदूर हा दुसरा, बारीक दोर मात्र खालच्या कण्यावरून, लहानशा लाकडी रुळावरून जायचा. जाड दोराला मोठं चाक, बारीक दोराला छोटा कणा. आजच्या क्रेनवर अनेकदा याच्या उलट दिसतं. दोर तुटला म्हणून पुढच्या वेळी त्याहून जाड दोर आणतात, पुली तीच ठेवतात. ताकद वाढल्यासारखी वाटते, पण त्याच बनावटीच्या जाड दोरातल्या ताराही जाड असतात. त्याच पुलीवर त्या जास्त ताणल्या जातात आणि नवा, महाग, जाड दोर आधीच्या दोराच्याही आधी थकू शकतो. ही चूक समजण्यासारखी आहे, म्हणूनच ती स्पष्ट सांगायला हवी.

नाड्याचीच भाषा वायररोपला लागू पडते. अंबाडीचा वाख काढून दोर वळणाऱ्या मातंग कारागिरांच्या बोलण्यातले दोन शब्द इथे पुरेसे आहेत: पेड आणि पीळ. वायररोपमध्ये आधी बारीक तारा एकत्र पिळून पेड करतात, मग असे पेड, बहुतेक वेळा सहा, मधल्या गाभ्याभोवती पिळून दोर होतो. गाभा ताग-सिसलसारख्या धाग्याचा असतो किंवा पोलादाच्याच एका छोट्या दोराचा. दुकानात दोरावर ६×१९ किंवा ६×३७ असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ सहा पेड, आणि प्रत्येक पेडात १९ किंवा ३७ तारा. हिंगोलीच्या बाजारात जाडी विचारून दोर घेतला जातो. विचारायला हवा तो दुसरा आकडा.

कारण १२ मिलिमीटरच्या दोरात ६×७ ची बनावट असेल तर तार साधारण १.३ मिलिमीटर जाडीची येते, ६×१९ मध्ये ०.८ च्या आसपास, आणि ६×३७ मध्ये साधारण ०.५५. तिन्ही दोर हातात घेतले तर पहिला काठीसारखा ताठ, तिसरा नाड्यासारखा मऊ. वाकण्याच्या बाबतीत मऊ दोराची बाजी. मग सगळीकडे ६×३७ का वापरत नाहीत? तर विहिरीवर धूळ आहे, मुरमाची कणी आहे, पाझराचं पाणी आहे. बारीक तार घासून लवकर झिजते आणि गंजली की तिच्यात उरायला काही नसतं. अर्ध्या मिलिमीटरच्या तारेवरचा गंज आणि सव्वा मिलिमीटरच्या तारेवरचा गंज, दोन्ही एकाच वेगाने आत जातात, पण एक तार संपते आणि दुसरी अजून तार असते. थकवा आणि झीज यांच्यात ही ओढाताण आहे, आणि दोर निवडणं म्हणजे या जागी कोणता शत्रू आधी येणार हे ओळखणं.

याच जिल्ह्यात औंढा तालुक्यात पूर्णा नदीवर सिद्धेश्वर धरण आहे. धरणांचे दरवाजे उचलायला साधारणपणे वायररोपच वापरतात. पण तो दोर वर्षात मोजक्या वेळा हलतो. त्याला वाकून मरायला वेळच मिळत नाही. त्याचा शत्रू ओल आणि गंज, म्हणून तिथे जस्ताचा मुलामा आणि ग्रीस महत्त्वाचं. विहिरीवरचा दोर सहा महिन्यांत जितका वाकतो तितका धरणावरचा कदाचित जन्मभरात वाकणार नाही. दोन्ही जागी एकच दोर लावणं म्हणजे दिवसभर नांगर ओढणाऱ्या बैलाला आणि गोठ्यात बांधलेल्याला एकच वैरण ठरवणं.

ही ओढाताण सोडवणारी बनावट एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत अमेरिकेत निघाली. तिथल्या टॉम सील याचं नाव अजूनही दोरावर आहे: पेडाच्या बाहेरच्या थरात जाड तारा, आतल्या थरात बारीक. झीज बाहेरच्या जाड तारांनी सोसायची, आणि आतल्या बारीक तारांमुळे पेड लवचीक राहायचा. पुढे वॉरिंग्टन-सील अशी मिश्र बनावट आली आणि ६×३६ चे आजचे बरेच दोर त्याच पद्धतीचे असतात.

पण या बनावटीचा खरा फायदा वेगळाच आहे, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. जुन्या पद्धतीच्या ६×१९ मध्ये पेड दोन टप्प्यांत वळतात: मधल्या तारेभोवती आधी सहा तारा, मग त्यांच्यावर वेगळ्या पिळाने बारा. दोन थरांचा पीळ वेगळा, त्यामुळे वरची तार खालच्या तारेला आडवी ओलांडून जाते. खाटेच्या विणीत सुतळी सुतळीवरून जाते तशी. जिथे ओलांडते तिथे एका ठिपक्याएवढ्या जागेत सगळा दाब येतो. दोर वाकला की त्या ठिपक्यावर घासतो, खाच पडते, आणि थकव्याची भेग तिथूनच सुरू होते. म्हणजे दोर आतून तुटायला लागतो, बाहेरून चांगला दिसत असताना. सीलच्या पद्धतीत सगळे थर एकाच वेळी, एकाच लांबीच्या पिळाने वळतात. वरची तार खालच्या दोन तारांच्या मधल्या खोबणीत शेवटपर्यंत झोपून राहते. ठिपक्याऐवजी पूर्ण लांबीची रेघ टेकते, दाब वाटला जातो. तारा तितक्याच, पोलाद तेच, जाडी तीच. फक्त वळण्याची रीत बदलली की वारंवार वाकण्यात दोर कितीतरी जास्त टिकतो. मला या सगळ्या विषयात सर्वांत विलक्षण वाटतं ते हेच.

पिळाच्या दिशेचंही असंच आहे. हाताने दोर वळताना सुताला एक पीळ देतात आणि पेड एकमेकांत घालताना उलटा, म्हणून दोर आपोआप उलगडत नाही. शिवणाच्या दोऱ्यातही हीच युक्ती असते. साध्या पिळाच्या वायररोपमध्ये तारांचा पीळ एका दिशेला आणि पेडांचा दुसऱ्या. नीट पाहिलं तर वरच्या तारा दोराच्या लांबीला समांतर दिसतात. दुसऱ्या प्रकारात, ज्याला लँग पीळ म्हणतात, दोन्ही पीळ एकाच दिशेला. तार दोराला तिरपी दिसते आणि पुलीवर तिची लांब पट्टी टेकते, त्यामुळे झीज पसरते आणि वाकणं जास्त सोसतं. मग विहिरीवर लँगच वापरावा? नाही. लँग पिळाचा दोर ज्याचं टोक मोकळं फिरू शकतं अशा ओझ्याला धोक्याचा. विहिरीतली बकेट लटकती असते, तिला गिरकी घ्यायला कोणी अडवत नाही. ती फिरली की दोराचा पीळ सुटतो, पेड ढिले होतात, सगळा भार गाभ्यावर येतो. पुस्तकात जास्त टिकाऊ ठरलेला दोर इथे जीवघेणा ठरू शकतो.

गिरकी थांबवायला न फिरणारे दोरही असतात, १८×७ सारखे, ज्यात आतला थर एका दिशेला आणि बाहेरचा उलट पिळलेला असतो. बकेट स्थिर राहते. पण आत-बाहेरचे थर एकमेकांना ओलांडतात, आणि मग पुन्हा तेच, न दिसणारं आतलं तुटणं. अशा दोराला पुलीही जास्त मोठी लागते.

या सगळ्याची सुरुवात विहिरीसारख्याच एका खोल खड्ड्यात झाली. जर्मनीत हार्झ डोंगरातल्या क्लाउस्थालला चांदी आणि शिशाच्या खाणी होत्या. खनिज वर काढायला साखळ्या आणि अंबाडीसारख्या धाग्यांचे दोर. खाण अधिकारी विल्हेल्म आल्बर्ट याने १८२९ सालापासून साखळीच्या कड्यांवर पुन्हा पुन्हा भार देऊन चाचण्या केल्या, काहींवर एक लाख वेळा, आणि धातू वारंवारच्या भाराने हरतो हे १८३७ साली छापलं. धातूच्या थकव्याचा लिखित इतिहास तिथून सुरू होतो. दरम्यान १८३४ मध्ये त्याने साखळीला पर्याय म्हणून लोखंडी तारांचा दोर वळवून खाणीत लावला: तीन पेड, प्रत्येक पेडात चार तारा, तार साडेतीन मिलिमीटर जाडीची. आजच्या मानाने ओबडधोबड, पण त्यात एक मोठी गोष्ट होती. साखळीचं एक कडं तुटलं की सगळं संपलं, पूर्वसूचना नाही. दोरातली एक तार तुटली तर उरलेल्या अकरा ओझं धरतात, आणि तुटलेलं टोक बाहेर येऊन दिसतं. १० ऑगस्ट २०२४ च्या रात्री कर्नाटकातल्या तुंगभद्रा धरणाच्या १९ व्या दरवाजाची साखळी तुटली आणि दरवाजा वाहून गेला, तेव्हा मला आल्बर्टची आठवण झाली होती.

दोर सूचना देतो, हे खरं. ती वाचायची कशी, हे विहिरीवरच्या माणसांना कोणी शिकवलेलं नसतं. शहरातल्या लिफ्टचं तसं नाही. मुंबईत १९३९ साली लिफ्टचा कायदा झाला, २०१७ साली महाराष्ट्राने त्याजागी नवा केला. लिफ्टच्या चाकाचा व्यास दोराच्या जाडीच्या चाळीस पट तरी ठेवतात, दोर एकाहून जास्त असतात आणि तपासणी होते. विहिरीतला माणूस एकाच दोरावर, कितीतरी छोट्या पुलीवरून वर येतो. वायररोपची आणि त्याच्या निवडीची, देखभालीची भारतीय मानकं आहेत, आयएस २२६६ आणि आयएस ३९७३, पण ती क्रेनच्या मालकाच्या हातात पडत नाहीत. म्हणून त्यातलं जे शेतात करता येईल तेवढं इथे सांगतो.

सकाळी काम सुरू होण्याआधी इंजिन अगदी हळू चालवून, किंवा ड्रम हाताने फिरवून, दोराभोवती सुती चिंधी हलकेच धरायची आणि दोर तिच्यातून जाऊ द्यायचा. उघड्या हाताने नाही, तुटक्या तारा तळहात फाडतात. जिथे चिंधीचे धागे अडकतील तिथे तार तुटली आहे. तिथे थांबून मोजायचं. पेडाच्या माथ्यावर, जिथे दोर पुलीला घासतो, तिथे एखादी तार तुटणं हा नेहमीचा थकवा. पण दोन पेडांच्या मधल्या घळीत तुटकं टोक दिसलं तर तो आतून फुटायला लागला आहे, आणि अशा दोरावर माणसाने चढू नये. घळीत तांबूस पूड दिसली तर आतल्या तारा कोरड्या घासताहेत. गाभ्यातलं तेल संपलं आहे. दोराची जाडी मापून ठेवलेली असेल आणि ती एका जागी एकदम कमी झाली असेल, तर आत गाभा चेपला किंवा तुटला.

पुलीकडेही पाहायचं. तिची खाच दोराच्या जाडीपेक्षा किंचित मोठी हवी. अरुंद खाच दोराला चिमटते, फार रुंद खाचेत दोर चपटा होतो. जुन्या दोराने खाच झिजून अरुंद झाली असेल तर तिच्यात घातलेला नवा दोर पहिल्या दिवसापासून घासतो. दोर एका पुलीवरून उजवीकडे आणि लगेच दुसरीवरून डावीकडे वळत असेल, तर तारेची तीच बाजू आधी ताणली आणि मग दाबली जाते. कुंपणाची तार तोडताना आपण हेच मुद्दाम करतो. क्रेन उभी करतानाच पुल्यांची मांडणी अशी ठेवावी की दोर एकाच बाजूला वळेल.

वाकणं सगळ्या दोराला सारखं वाट्याला येत नाही, हे फारसं लक्षात घेतलं जात नाही. बकेटच्या जवळची काही हात लांबी पुलीवर कधी चढतच नाही. तिच्या पुढचा तुकडा मात्र विहीर दहा फूट असतानाही पुलीवरून गेला आणि पन्नास फूट झाल्यावरही जातो, सर्वांत जास्त फेऱ्या त्याच्या. शिवाय खालून बकेट उचलताना जो पहिला हिसका बसतो, तो त्या वेळी पुलीवर असलेल्या तुकड्याला बसतो, रोज त्याच जागी. म्हणून दोराला थोडी जादा लांबी ठेवून, ठराविक दिवसांनी बकेटकडचं टोक काही हात कापून पुन्हा बांधावं. थकलेली जागा सरकते, हिसका नव्या जागी बसतो. तेल-विहिरी खोदणारे लोक हे नियमाने करतात. आपल्या पाण्याच्या विहिरींनाही ते परवडण्यासारखं आहे.

सर्वांत जास्त भीती मला जुन्या दोराची वाटते. कुठल्याशा मोठ्या क्रेनवरून उतरवलेला दोर भंगाराच्या भावात मिळतो, ग्रीस लावून काळा चकचकीत केलेला असतो. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असं आपण म्हणतो. आजच्या वायररोपबाबत ते शब्दशः खरं आहे. कारखान्यात वळण्याआधीच प्रत्येक पेडाला मळसूत्री आकार दिलेला असतो, त्यामुळे दोर कापला तरी टोकं उसवत नाहीत आणि वाकताना तारांवर उगाच ताण राहत नाही. गुण चांगला, पण त्याचमुळे मेलेला दोरही जिवंत दिसतो. आत किती तारा तुटल्या आहेत ते बाहेरच्या घडणीवरून कळत नाही, आणि तो आधी किती वेळा वाकला याचा हिशोब कोणाकडे नसतो. ओझ्याला एक वेळ असा दोर चालवतील, पण त्याच दोराने संध्याकाळी माणसं वर येतात.

म्हणून कामातून काढलेला दोर गुंडाळून शेडमध्ये टाकून ठेवू नये. गॅस कटर लावून त्याचे हातभर लांबीचे तुकडे करून टाकावेत. तेवढ्या तुकड्याला कोणी बकेट बांधू शकत नाही.